बैठ्या नोकरीत शरीर हलते ठेवण्याचा योग्य क्रम

बेळगावच्या बँका व पतसंस्था, सरकारी कचेऱ्या, उद्यमबागेतील कारखान्यांची कार्यालये, निपाणी-चिकोडी भागातील साखर कारखान्यांचे हिशेब विभाग, अशा ठिकाणी दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्यांचा व्यायामाचा प्रयत्न बहुधा एकाच पद्धतीने फसतो. नवे बूट घेतले जातात, मोबाईलवर दहा हजार पावलांचे लक्ष्य लावले जाते आणि पहाटे उठून तासभर चालणे सुरू होते. मात्र सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच या वेळेतील बसणे जसेच्या तसे राहते. काही आठवड्यांत घरचे लग्न, सततचा पाऊस किंवा ऑडिट मध्ये येते, पहाटेचे चालणे सुटते आणि त्याबरोबर सगळेच सुटते. कामे उलट्या क्रमाने हाती घेतल्यामुळे असे होते. आधी बसण्याची ठेवण नीट करावी, मग सलग बसणे मोडावे, त्यानंतर चालणे वाढवावे आणि शेवटी ताकदीचा व्यायाम जोडावा. प्रत्येक टप्पा साधारण दोन आठवडे अंगवळणी पडू द्यावा व मगच पुढच्याला हात घालावा.

कोठपर्यंत पोहोचायचे आहे, तेही आधी ठाऊक असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा, आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे आणि बसून जाणारा वेळ कमी करावा. या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत. पहिली पूर्ण झाली म्हणून तिसरी आपोआप पूर्ण होत नाही, आणि नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

## टप्पा १ : आठवडाभराची नोंद आणि तब्येतीची चाचपणी

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये, फक्त नोंद करावी. टेबलावर एक कोरा कागद ठेवून खुर्चीवरून उठल्याची प्रत्येक वेळ आणि उठण्याचे कारण लिहावे. पावले मोजण्याची घाई करू नये, कारण पावलांची बेरीज दिवसाची असते आणि आपल्याला सलग किती वेळ बसलो ते पाहायचे आहे. आठवड्याच्या शेवटी कागद वाचला की बहुतेकांना दोन मोठे पट्टे दिसतात : साडेदहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा एक आणि जेवणानंतर चहापर्यंतचा दुसरा. पुढील सर्व काम मुख्यतः या दोन पट्ट्यांवर करायचे आहे.

याच आठवड्यात कंबरेचा घेर मोजून तारखेसह लिहून ठेवावा. शेवटची बरगडी आणि कंबरेचे वरचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता टेप लावावी. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची मर्यादा मानली जाते. वजनकाट्यापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी पडते, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन फारसे न हलताही घेर कमी होऊ शकतो.

सावधान : चालताना छातीत दडपण येणे, थोड्याशा श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, आधीचा हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. त्यांनी डोस व जेवणाच्या वेळांबद्दल आधी बोलून घ्यावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. एकाच पायाच्या पोटरीला अचानक सूज व दुखणे आले, किंवा कंबरदुखीबरोबर पाय बधिर होऊन लघवीवरील ताबा सुटला, तर व्यायाम करून पाहण्यात वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावे.

## टप्पा २ : खुर्ची, टेबल आणि पडदा

वाकड्या बसण्याने आखडलेली मान व कंबर घेऊन कोणी व्यायामाला लागले, तर दुखण्याचा दोष व्यायामाच्या माथी मारला जातो आणि व्यायामच बंद होतो. म्हणून हा टप्पा आधी घ्यावा. नव्या खुर्चीची मागणी वरिष्ठांकडून मंजूर होऊन येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. हाताशी असलेल्या वस्तूंनी बरेच काम भागते.

पायांपासून सुरुवात करावी. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. कचेरीतील टेबले बहुधा उंच असतात, त्यामुळे खुर्ची वर करावी लागते आणि कमी उंचीच्या माणसाचे पाय लोंबकळतात. अशा वेळी घरातील एखादा लाकडी पाट पायाखाली घ्यावा. खुर्चीत मागपर्यंत सरकून बसावे, कंबरेच्या खोलगट भागामागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि पँटच्या मागच्या खिशातील पाकीट काढून ड्रॉवरमध्ये टाकावे. जाड पाकिटावर रोज सात-आठ तास बसल्याने ओटीपोटाचे हाड एका बाजूला कलते.

त्यानंतर संगणकाचा पडदा. तो हातभर अंतरावर, नाकासमोर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. उंची कमी पडल्यास खाली कागदाची रिमे किंवा जुनी लेजर ठेवावीत. दुहेरी काचेचा चष्मा लावणाऱ्यांनी मात्र पडदा आणखी खाली घ्यावा. खालच्या काचेतून वाचण्यासाठी ते हनुवटी वर उचलून बसतात आणि संध्याकाळी मान का दुखते ते त्यांना कळत नाही. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर वेगळा कीबोर्ड घ्यावा, कारण लॅपटॉपचा पडदा व कळा एकाच वेळी योग्य उंचीवर येऊच शकत नाहीत.

तपासणी : खांदे सैल, कोपरे शरीरालगत व सुमारे काटकोनात, मनगटे सरळ, तळवे टेकलेले. ही स्थिती मुद्दाम आठवण न करता टिकली की पुढे जावे. मात्र कितीही चांगली बैठक असली तरी ती तासन् तास धरून ठेवण्यासाठी नसते.

## टप्पा ३ : सलग बसणे मोडणे

संपूर्ण क्रमातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे. दर अर्ध्या तासाला एकदा उठून दोन-तीन मिनिटे शरीर हलवावे, एवढीच अपेक्षा आहे. मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर ओढून घेतात आणि पोटरी दाबली गेल्याने पायांतील रक्त वर ढकलले जाते. माणूस बसून राहिला की ही दोन्ही कामे मंदावतात. जेवणानंतर सलग बसून राहण्याऐवजी मध्ये मध्ये थोडे चालल्यास रक्तातील साखर व इन्सुलिन कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावणे. गजर वाजतो तेव्हा समोर ग्राहक उभा असतो, फोन चालू असतो किंवा सर्व्हर बऱ्याच वेळाने नुकताच सुरू झालेला असतो. तो बंद केला जातो, आणि आठवड्याभरात बोट तो न पाहताच बंद करू लागते. म्हणून उठणे घड्याळाला न बांधता कामाला बांधावे. फोन आला की उभे राहूनच बोलावे. प्रिंट काढली की ती लगेच स्वतः जाऊन आणावी, पाच-सहा साठवू नयेत. पलीकडच्या विभागात काही विचारायचे असल्यास इंटरकॉम न उचलता त्या टेबलापर्यंत जावे. व्हाउचरांचा एक गठ्ठा नोंदवून झाला की दुसरा उघडण्यापूर्वी मजल्याच्या टोकापर्यंत जाऊन यावे. मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी लहान बाटली ठेवावी, म्हणजे ती भरायला वारंवार जावे लागते. चहाचा ग्लास टेबलावर आणून ठेवण्याचा कचेऱ्यांमधील रिवाज माझ्या मते सर्वांत आधी मोडण्यासारखा आहे. चहावाला आला की आपण उठून किटलीपर्यंत जावे आणि चहा खिडकीशी उभे राहून घ्यावा.

कॅश काउंटरवर बसणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण ड्रॉवर उघडा टाकून त्यांना हलता येत नाही. त्यांनी जागेवरच्या हालचालींवर भर द्यावा. शंभर नोटांचे एक पाकीट बांधून झाले की उभे राहावे, काउंटरच्या कडेला बोटे टेकवून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्यात, क्षणभर थांबून सावकाश खाली आणाव्यात, असे पंधरा-वीस वेळा करावे आणि मग खुर्चीचा आधार न घेता पाच वेळा उठबस करावी. याला जेमतेम दोन मिनिटे लागतात आणि समोरच्या ग्राहकाला त्यातील निम्मे दिसतही नाही. संध्याकाळी पिग्मी (रोजच्या छोट्या बचतीची रक्कम) गोळा करणारे एजंट भरणा घेऊन येतात तेव्हा रांग लांबते. ती रक्कम शक्य असल्यास उभ्यानेच मोजावी.

पाण्याबाबत वेगळे सांगणे भाग आहे. अनेक स्त्रिया कचेरीत मुद्दाम कमी पाणी पितात, कारण तेथील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. यामुळे उठण्याचे एक कारण जातेच, शिवाय लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो. ही तक्रार एकटीने तोंडी करण्याऐवजी चार-पाच जणींनी मिळून लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

वारंवार उठणारा कर्मचारी काम टाळतो, असा समज होण्याची भीतीही पुष्कळांना जागेवर खिळवून ठेवते. आपण काय करणार आहोत ते साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावे आणि उठताना हातात मोबाईल घेऊ नये. मोबाईल घेऊन व्हरांड्यात रेंगाळणाऱ्याला कोणीही व्यायाम करणारा समजणार नाही.

सावधान : बसणे वाईट म्हणून दिवसभर उभे राहून काम करू नये. नुसते उभे राहण्याने विशेष शक्ती खर्च होत नाही, आणि तासन् तास उभे राहिल्यास पाय सुजतात व फुगलेल्या शिरांचा त्रास बळावतो. हालचाल हवी, उभे राहण्याची शिक्षा नको.

तपासणी : दोन आठवड्यांनी पुन्हा एक दिवस उठण्याच्या वेळा लिहाव्यात. तासाभरापेक्षा मोठा एकही पट्टा उरला नसेल तर हा टप्पा जमला असे समजावे. उरला असेल, तर त्या वेळेत कोणते काम चालते ते पाहून त्यालाच उठण्याची एखादी खूण जोडावी.

## टप्पा ४ : जेवणाची सुट्टी आणि जाणे-येणे

डबा आपल्याच टेबलावर उघडू नये. सहकाऱ्यांबरोबर दुसऱ्या जागी बसून जेवावे आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालावे. जेवणानंतर झपाझप चालण्याची आवश्यकता नाही. येथे गतीपेक्षा वेळ महत्त्वाची आहे.

जाण्या-येण्यात खरी अडचण दुचाकीची आहे. शहापूर-वडगाव किंवा अनगोळहून निघालेला माणूस घराच्या उंबऱ्यापासून कचेरीच्या पायरीपर्यंत गाडीवर येतो आणि त्याची पावले जवळजवळ शून्यावर येतात. खडे बाजार, गणपत गल्ली या भागात कामाला असणाऱ्यांना गाडी लावायला जागा शोधत फिरावे लागतेच. त्यांनी ती आधीच पाऊण किलोमीटरवर मोकळ्या जागी लावून उरलेले चालत जावे. खानापूरहून रेल्वेने किंवा बसने येणाऱ्यांना हे सोपे जाते, कारण स्थानकापासून रिक्षा न करणे एवढेच त्यांना पुरते. संध्याकाळी घाई नसते, तेव्हा निदान येताना तरी हे पाळावे.

## टप्पा ५ : जोमाने चालणे

आता पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या चालण्याची पाळी येते. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे, दुसऱ्यात पंधरा, असे वाढवत आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटांपर्यंत जावे. १५० मिनिटे होतात ती अशी. आरंभीची व शेवटची काही मिनिटे संथ ठेवावीत.

गती ओळखण्यासाठी घड्याळ लावून पंधरा सेकंदांतील पावले मोजावीत. ती पंचवीसच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे शंभर, असली की श्रम मध्यम झाले. मोजायचे नसल्यास दुसरी खूण अशी की सोबत्याशी बोलता येते, पण अभंग म्हणायला गेल्यास दम पुरत नाही. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चौघांच्या घोळक्याने राजकारणावर बोलत केलेल्या फेऱ्या बहुधा या मापात बसत नाहीत. त्या मनाला चांगल्या, पण १५० मिनिटांत धरू नयेत.

जागा निवडताना रहदारी व उजेड पाहावा. टिळकवाडीकरांना व्हॅक्सिन डेपो जवळ आहे, कॅम्पमध्ये झाडांच्या सावलीचे रस्ते आहेत आणि किल्ला तलावाच्या काठाने फिरता येते. निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात उसाच्या हंगामात पहाटे रस्त्यावर चालणे मात्र धोक्याचे ठरते. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवे किंवा चमकणाऱ्या पट्ट्या असतीलच असे नाही आणि त्यांना ओलांडणारी वाहने थेट कडेला येतात. त्या महिन्यांत उजाडल्यावर निघावे, शाळेचे मैदान धरावे आणि रस्त्यानेच जावे लागल्यास फिकट कपडे घालून समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे.

सावधान : एरवी न धावणारे अनेकजण नवरात्रात दुर्गामाता दौडीत सलग नऊ दिवस धावतात, काहीजण अनवाणी. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. पण वर्षभर खुर्चीवर असलेल्या पायांना डांबरी रस्त्यावरचे हे अचानक धावणे झेपत नाही आणि दसऱ्यानंतर टाच किंवा नडगी धरून बसावे लागते. दौडीत सहभागी व्हायचे असेल तर निदान सहा आठवडे आधी चालणे, मग चालणे व हलके धावणे आलटून पालटून, अशी तयारी करावी. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी धावू नये, कारण पायाची संवेदना कमी झाली असल्यास जखम झाल्याचे कळतही नाही.

## टप्पा ६ : आठवड्यातून दोन दिवस ताकद

चालण्याने छाती, पाठ, दंड यांना फारसे काम मिळत नाही, आणि खुर्चीवर बसणाऱ्यांचे पुठ्ठ्याचे (नितंबांचे) व पाठीचे स्नायूच सर्वांत आधी ढिले पडतात. व्यायामशाळेचे शुल्क भरण्यापूर्वी घरीच पुढील चार प्रकार दोन महिने करून पाहावेत. दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा असावा.

१. खुर्चीवरून उठबस : हात छातीवर घडी घालून सावकाश बसावे, पूर्ण टेकण्याआधी उठावे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेतच राहावेत.

२. भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. सोपे वाटू लागल्यावर भक्कम टेबलाच्या कडेवर आणि नंतर जमिनीवर यावे.

३. पूल : उताणे झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलावी व दोन-तीन सेकंद धरावी. पुठ्ठे आवळलेले जाणवले पाहिजेत. कंबरेत ताण येत असेल तर उंची कमी करावी.

४. पाठीची ओढ : पाण्याने भरलेली बाटली हातात घेऊन, दुसरा हात खुर्चीवर टेकवून पुढे वाकावे आणि कोपर मागे नेत बाटली कंबरेपर्यंत ओढावी.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, आणि असे दोन फेरे. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर काम हलके पडले असे समजून बाटली मोठी घ्यावी किंवा गती कमी करावी. उचलताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो.

तालमीची परंपरा असलेल्या घरांत थेट जोर-बैठका व सूर्यनमस्कार सुरू करण्याचा आग्रह धरला जातो. दोन्ही उत्तम आहेत, परंतु दिवसभर बसून आखडलेल्या मांड्यांनी पहिल्याच दिवशी पुढे वाकून तळवे टेकवायला गेल्यास सगळा ताण कंबरेवर येतो. गुडघे थोडे वाकवून, दोन-तीन नमस्कारांपासून सुरुवात करावी आणि आकडा वाढवण्याआधी प्रत्येक स्थिती नीट साधावी.

तपासणी : दुसऱ्या दिवशी स्नायू आंबल्यासारखे वाटणे चालते, ते दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात टोचणे, दुखणे पायात खाली उतरणे किंवा मुंग्या येणे चालत नाही; तो प्रकार थांबवून तज्ज्ञाला दाखवावे.

## टप्पा ७ : पाऊस आणि मार्चअखेर यांची तरतूद

बेळगाव-खानापूर भागात जूनपासून लागणारी झड दिवसेंदिवस हटत नाही, तर बँका व संस्थांमध्ये मार्चचा महिना रात्री नऊपर्यंत खातो. दोन्ही गोष्टी दरवर्षी ठरलेल्या असूनही आयत्या वेळी अडचण म्हणून पुढे येतात. त्यांचा वेगळा आराखडा आधीच लिहून ठेवावा.

पावसाळ्यात चालण्याच्या तीस मिनिटांचे दहा-दहाचे तीन भाग करावेत : सकाळी घरातील जिना चढणे-उतरणे, दुपारी कचेरीच्या व्हरांड्यात फेऱ्या, संध्याकाळी जागेवर गुडघे उचलून चालणे. गुडघेदुखी असल्यास जिना टाळावा, विशेषतः उतरताना. फरश्या व शेवाळलेल्या पायऱ्या यांवर झिजलेल्या तळव्यांचे बूट घालू नयेत.

मार्चमध्ये टप्पा ५ पूर्ण सोडला तरी चालेल आणि टप्पा ६ आठवड्यातून एका दिवसावर आणावा, पण टप्पा ३ कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण ज्या दिवशी बारा तास बसावे लागते त्याच दिवशी त्याची गरज सर्वांत जास्त असते. एप्रिलमध्ये परत सुरुवात करताना जेथे थांबलो तेथूनच पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्म्या वेळेवर यावे, दुसऱ्या आठवड्यात पाऊण वेळेवर, आणि कंबरेचा घेर पुन्हा मोजून पहिल्या नोंदीखाली नव्या तारखेसह लिहावा.